वामनदादांचे शेवटचे कडवे



बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण घरातील देव्हारे रिकामे केले, हे योग्यच झाले. परंतु देवांबरोबर घरातील गाणेही गेले, ह्याचा विचार थोड्यांनीच केला असेल. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, हळदीची गाणी ह्यांत तेच देव नांदत होते. मग बाळाच्या बारशाला आयाबहिणींनी म्हणावे तरी काय? १९५६ साली धर्मांतर केलेल्या घरांनाही हाच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर देण्यात ज्यांनी हयात घालविली, त्यांत लोककवी वामनदादा कर्डक अग्रगण्य होत.

सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळा त्यांना लाभली नाही. मुंबईत कष्टाची कामे करीत असता, जाणत्या वयात, दुकानांच्या पाट्या वाचून त्यांनी आपली अक्षरओळख पक्की केली. ज्या समाजास अक्षर निषिद्ध होते, त्यातील माणसाने पाट्यांवरून विद्या मिळवावी आणि तीच गीतांतून घरोघर वाटावी, ह्याहून मोठी धम्मसेवा कोणती?

आंबेडकरी जलशांची वाट भीमराव कर्डक प्रभृतींनी आधीच पाडली होती. १९४३ साली पहिले गीत रचून वामनदादा त्या वाटेस लागले, ते १५ मे २००४ रोजी नाशिक येथे निधन होईपर्यंत. बुद्ध आणि बाबासाहेब हे त्यांच्या गीतांचे प्राण खरे; पण धनिकांस नावानिशी हटकून संपत्तीचा हिशेब मागणारेही तेच. त्यांस केवळ भक्तिगीतांचे कवी ठरविणे काहींच्या सोयीचे आहे. आपण त्या सोयीस बळी पडू नये.

आज जयंतीच्या मिरवणुकीत त्यांची गीते डीजेवर वाजतात. नाद छातीवर आदळतो, शब्द मात्र कानी पडत नाही! शाहिरी रीतीप्रमाणे शेवटच्या कडव्यात ते आपले ‘वामन’ हे नाव गुंफीत. घाईने गाणारे नेमके तेच कडवे गाळतात आणि गीत निनावी होते. ज्यांच्या पूर्वजांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत, त्यांनीच आपल्या कवीचे नाव पुसावे काय?

‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह मिळवून घरी ठेवावेत. वस्तीतील वृद्ध माताभगिनींना त्यांची आणि इतर शाहिरांची कितीतरी गीते तोंडपाठ आहेत. येत्या वर्षावासात मुलांच्या हाती एक वही द्यावी, आजीजवळ बसवावे आणि ती म्हणेल तसे उतरवून घ्यावयास सांगावे. शेवटच्या कडव्यासह.