शिदोरी की झोळी?

मराठी चित्रपटाच्या परदेशवारीचा एक अवघड प्रश्न

२००४ सालच्या उत्तरार्धात महाराष्ट्राने एक विलक्षण दृश्य पाहिले. संदीप सावंत या तरुण दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट ‘श्वास’ ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला होता. कोकणातून आलेले आजोबा, डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी गमावू पाहणारा नातू आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्या नातवाला डोळे भरून जग दाखविण्याची आजोबांची धडपड, एवढेच त्याचे कथानक. ना त्यात तारेतारका, ना नाचगाणी. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीत आणण्याचा मान याच चित्रपटाने मिळविला होता. परंतु लॉस एंजेलिसला जायचे तर पैसा हवा होता आणि निर्मात्यांच्या गाठीशी तो नव्हता. तेव्हा समाजच उभा राहिला. नाशिकच्या शाळकरी मुलांनी दिवे विकून पैसे जमविले. नाटकवाल्यांनी प्रयोगाचे उत्पन्न देऊ केले. देवस्थानापासून कलावंतांपर्यंत आणि सामान्य प्रेक्षकांपासून राज्य शासनापर्यंत अनेकांनी यथाशक्ती हातभार लावला.

या घटनेचा अभिमान वाटावा तेवढा थोडाच आहे. एका प्रादेशिक भाषेतील, स्वतंत्रपणे काढलेल्या चित्रपटासाठी शाळेतील मूल दिवा विकते, हे उदाहरण सहसा सापडावयाचे नाही. तथापि अभिमान व्यक्त करून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. तो त्या वेळी कोणी फारसा विचारला नाही आणि पुढेही विचारला गेला नाही. समाजाने त्या दिग्दर्शकाच्या हाती दिली ती शिदोरी होती, की त्याच्या खांद्यावर अडकविलेली झोळी?

पैसा लागतो कशाला?

पुष्कळांची अशी भाबडी समजूत असते की, चित्रपट उत्तम असला म्हणजे परीक्षक तो पाहतात आणि गुण देतात. व्यवहार असा नाही. त्या काळी परभाषी चित्रपटांच्या विभागात देशोदेशीच्या प्रवेशिका लॉस एंजेलिसमध्ये अकादमीच्या सदस्यांना दाखविल्या जात आणि त्यांतून पाच चित्रपटांना नामांकन मिळे. या सदस्यांच्या कानावर चित्रपटाचे नाव आधी पडावे लागते. त्यासाठी तेथील चित्रव्यवसायाच्या वृत्तपत्रांत जाहिराती द्याव्या लागतात, खास प्रसिद्धी-व्यवस्थापक नेमावा लागतो, वेगळे खेळ लावावे लागतात आणि दिग्दर्शकाला आठवडेच्या आठवडे तेथे मुक्काम ठोकावा लागतो. ‘लगान’च्या वेळी आशुतोष गोवारीकर आणि आमिर खान यांनी हेच केले. त्यांच्या पाठीशी अमेरिकेतील नामांकित वितरक होता, तारांकित नाव होते आणि पैसाही होता. २००२ साली ‘लगान’ला नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ने नेला. ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ या तीनच भारतीय चित्रपटांना या विभागात आजवर अंतिम पाचांत स्थान मिळाले आहे.

‘श्वास’ला ते मिळाले नाही. २००५ सालचा तो पुरस्कार स्पेनच्या ‘द सी इनसाइड’ला गेला. हरण्यात लाज नव्हती. लाज होती ती पुढच्या शांततेत. जो चित्रपट काल महाराष्ट्राच्या अस्मितेचा प्रश्न होता, तो नामांकनाची यादी जाहीर होताच चर्चेतून विरून गेला. जणू त्याचे मोल ठरविण्याचा अधिकार सातासमुद्रापलीकडील काही सदस्यांचा होता आणि त्यांनी मान हलविली नाही म्हणून आपलाही विषय संपला! आपल्याच राष्ट्राने दिलेले सुवर्णकमळ अपुरे आणि परक्याची सोनेरी बाहुली तेवढी खरी, या मनोवृत्तीला गुलामगिरीखेरीज दुसरे कोणते नाव द्यावे?

फाळके लंडनला कसे गेले?

वास्तविक मराठी माणसाला या बाबतीत दुसऱ्या कोणाचा कित्ता गिरविण्याची गरज नाही. भारतीय चित्रपटाची पहिली परदेशवारी याच मातीतल्या माणसाने केली. दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले, ते कोणाची शाबासकी घेण्यासाठी नव्हे, विद्या घेण्यासाठी. ‘बायोस्कोप’ या नियतकालिकाच्या संपादकांची त्यांनी गाठ घेतली, सेसिल हेपवर्थ यांच्या कलागृहात चित्रणाची रीत पाहिली, कॅमेरा विकत घेतला आणि ते परतले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या प्रेक्षकांसमोर आला.

दुसऱ्या वेळी, १९१४ साली, फाळके आपले तीन चित्रपट बरोबर घेऊन गेले: ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासूर’ आणि ‘सत्यवान सावित्री’. तिन्ही कथा पुराणांतल्या. विलायतेच्या प्रेक्षकाला कळावे म्हणून त्यांनी सावित्रीला झगा घातला नाही की हरिश्चंद्राला लंडनच्या रस्त्यावर उभे केले नाही. तेथील जाणकारांनी चित्रपटांच्या तांत्रिक सफाईची वाखाणणी केली. खुद्द हेपवर्थ यांनी त्यांना इंग्लंडमध्ये राहून चित्रपट काढण्याचे आमंत्रण दिले. आमिष मोठे होते. घरी कर्ज होते. फाळक्यांनी नकार दिला. हा धंदा हिंदुस्थानच्या भूमीत रुजला पाहिजे, ही त्यांची धारणा होती. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, भांडवलदारांनी हात आखडता घेतला, तरी हा माणूस नाशिकला परतून पुन्हा कामाला लागला. १९१७ साली त्यांनी ‘लंकादहन’ काढला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

परदेशी जाण्याची ही एक रीत झाली. विद्या तिकडची, कथा इकडची आणि निष्ठा घरची. पुढे प्रभातच्या दामले-फत्तेलाल जोडीचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. तत्पूर्वीच तो मुंबईत लागला होता आणि तेथे पन्नासहून अधिक आठवडे चालला. आधी घरच्या माणसाने कौल दिला, नंतर जगाने दाद दिली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आज तो नेमका उलटला आहे.

टोरांटोमार्गे विदर्भ

येथे काही मंडळी तत्काळ आक्षेप घेतील. कलेला सीमा नसतात, जागतिक व्यासपीठ नसते तर असे चित्रपट तगलेच नसते, परदेशी पुरस्काराकडे संशयाने पाहणे हा न्यूनगंड आहे, वगैरे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन सन्मान मिळाले, २०२० साली तेथेच त्यांच्या ‘द डिसायपल’ला पटकथेचा पुरस्कार मिळाला. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ने २०२३ साली टोरांटोत नेटपॅक पुरस्कार पटकावला. २०२५ साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्समध्ये विदेशी कथापटांतील सर्वोच्च पुरस्कार लाभला. या यशाकडे पाठ फिरविणे हा करंटेपणाच ठरेल.

परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी एका साध्या गोष्टीचे उत्तर द्यावे. ‘स्थळ’ हा विदर्भातील खेड्यातला, तेथल्याच बोलीतला, मुलगी दाखविण्याच्या प्रथेवरचा चित्रपट. त्यातील प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांतला. हा चित्रपट टोरांटोच्या प्रेक्षकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पाहिला आणि महाराष्ट्राच्या चित्रपटगृहांत तो लागला मार्च २०२५ मध्ये! नागपूरच्या माणसाला चंद्रपूरची गोष्ट पाहण्यासाठी कॅनडाहून वळसा का पडावा? हा दोष दिग्दर्शकाचा नाही. त्याने वळसा घेतला, कारण सरळ रस्ता आपणच बंद केला आहे. येथील वितरक नवख्याला दारात उभे करत नाही, बहुपडदा चित्रपटगृह त्याला सकाळची अडनिडी वेळ देते आणि प्रेक्षक म्हणतो, ‘पुढे घरबसल्या दिसेलच की!’ मग तो बिचारा विमानात बसतो आणि परक्याच्या शिफारसपत्राची वाट पाहतो.

आपल्या बाजूची एक आवडती तक्रारही येथे तपासून पाहिली पाहिजे. परदेशी महोत्सवांना भारताचे दारिद्र्यच तेवढे पाहायला आवडते आणि आमचे दिग्दर्शक ते विकतात, असे सर्रास म्हटले जाते. १९८० साली राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर हाच आरोप केला होता. गंमत अशी की, ज्या चित्रपटाने देशाला ऑस्करचे पहिले नामांकन मिळवून दिले, त्या ‘मदर इंडिया’त स्वतः नर्गिस कर्जाने पिचलेली शेतकरी स्त्री साकारीत होत्या! गरिबी दाखविणे हा गुन्हा नव्हे. गरीब माणसाला केवळ कीव करण्याजोगी वस्तू बनविणे हा गुन्हा होय. ‘श्वास’मधला आजोबा गरीब आहे, पण दीन नाही. तो नातवासाठी डॉक्टरांशी भांडतो, रुग्णालयातून त्याला बाहेर घेऊन जातो, त्याचे बालपण मुठीत धरून ठेवू पाहतो. त्याच्या कपाळी लाचारी नाही. हा भेद ज्या दिग्दर्शकाला कळला, त्याला कोठेही जाण्यास मज्जाव नसावा. ज्याला कळला नाही, त्याचा चित्रपट येथे दाखविला तरी तो परकाच.

बाजार आणि मान

आणखी एका भ्रमाचा समाचार घेणे अवश्य आहे. दरवर्षी मे महिन्यात ‘आमचा चित्रपट कानला निघाला’ अशा बातम्या झळकतात, सत्कार होतात, फलक लागतात. कान येथे दोन गोष्टी शेजारी शेजारी चालतात. एक महोत्सव, जेथे निवड समिती चित्रपट पारखून घेते. दुसरा चित्रपटांचा बाजार, जेथे शुल्क भरून कोणालाही आपला माल मांडता येतो. बाजारात जाणे मुळीच कमीपणाचे नाही. राज्याच्या महामंडळाने निवडक मराठी चित्रपट तेथे पाठविण्यास २०१६ पासून सुरुवात केली, हे योग्यच झाले. पण आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणे आणि पंक्तीत मानाचे पान मिळणे यांतला फरक वाचकापासून लपविणे ही शुद्ध फसवणूक आहे. परदेशी शिक्क्यापुढे लोटांगण घालण्याची सवय लागली की, शिक्का खरा की खोटा हेही पाहिले जात नाही.

मग करावे काय?

शासनाने करावयाचे ते स्पष्ट आहे. प्रवेशिका जाहीर झाल्यावर धावाधाव करून निधी जमविण्याऐवजी प्रसिद्धी, उपशीर्षके आणि प्रवास यांसाठी कायमची तरतूद असावी. भारताची पताका घेऊन जाणाऱ्या कलावंताला दारोदार हिंडावे लागणे हे राष्ट्राला शोभणारे नाही. अमेरिकेत गावोगावी महाराष्ट्र मंडळे आहेत, बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने थाटात भरतात. तेथील सुस्थित मराठी समाजाने विनोदी कार्यक्रमांच्या जोडीला अशा चित्रपटांचे खेळ लावावेत, दिग्दर्शकाला उतरायला घर द्यावे. हे त्यांना सहज शक्य आहे.

परंतु खरा भार शासनावर नाही आणि अनिवासी बांधवांवरही नाही. तो तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, मुलांवर मराठीचे संस्कार व्हावेत अशी तळमळ असलेल्या कुटुंबावर आहे. सभेत भाषेचा कैवार घ्यायचा आणि शुक्रवारी लागलेला मराठी चित्रपट रविवारी निघून गेला तरी खंत वाटू द्यायची नाही, ही विसंगती संपली पाहिजे. चांगल्या चित्रपटाचे तिकीट पहिल्याच आठवड्यात, सहकुटुंब, काढावे. वसाहतीतल्या चार घरांना सोबत न्यावे. शाळेच्या, वाचनालयाच्या, गणेशोत्सव मंडळाच्या चालकांनी रीतसर परवानगी घेऊन खेळ लावावा आणि दिग्दर्शकाला बोलावून त्याचे ऐकावे. असा शंभर गावांचा कौल पाठीशी असलेला कलावंत जेव्हा परदेशी जाईल, तेव्हा तो दाद मागणार नाही, दाद घेईल.

नाशिकच्या त्या मुलांनी दिवे विकले तेव्हा त्यांना कोणी सांगावे लागले नव्हते. ती मुले आता कर्ती झाली असतील, त्यांच्या हाती पैसा असेल, पुढच्या शुक्रवारी त्यांच्या गावात एखादा ‘श्वास’ लागेलही. चित्रपटगृह रिकामे राहिले तर त्या दिग्दर्शकाच्या खांद्यावर पुन्हा झोळीच येईल. ते भरले तर शिदोरीला वेगळा निधी जमविण्याची गरज पडणार नाही.