खबर मुदतीच्या आधी हवी

व्यापारात खबरेला किंमत असते ती वेळेवर मिळाली तरच. सुताचा भाव वाढणार हे आज कळले तर चार गोण्या जास्त घेऊन ठेवता येतात. भाव वाढून गेल्यावर कळले तर त्या खबरेचा उपयोग फक्त हळहळ करण्यापुरता. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर एवढे तरी मला समजले आहे. पण हाच नियम पालिकेच्या कारभारालाही लागू आहे, हे समजायला मात्र मला पदरचे पैसे घालवावे लागले.

२०२३ सालची गोष्ट. आमच्या गावी माझे कापडाचे एक लहान गोदाम आहे. त्या वर्षी मालमत्ता कराचे बिल आले ते आधीच्या जवळजवळ दुप्पट. कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "शेठ, फेरआकारणी झाली. हरकत घ्यायची मुदत कधीच संपली. नोटीस फलकावर लावली होती, तुम्ही पाहिली नाही." मी दुकानदार माणूस, रोज उठून पालिकेच्या फलकासमोर उभा राहणार का? नगरसेवकाला विचारावे तर नगरसेवकच नव्हता. त्याची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. माझे एक वेळ निभावले. पण शेजारी घरातच चार यंत्रमाग चालवणारा कारागीर आहे. त्याचे राहते घरही कारखान्याच्या हिशेबात धरले गेले. त्याने पहिल्या वर्षी बिल भरले, दुसऱ्या वर्षी एक माग विकला.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात मी अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो. तो न्यू जर्सी राज्यात एडिसनला राहतो. तिथल्या ओक ट्री रोडवर आपल्याकडच्या साड्या, ड्रेस मटेरियल आणि दागिने यांची दुकाने ओळीने आहेत. मी तिकडे गेलो होतो माल कसा विकतात ते पाहायला. पण शिकून आलो दुसरेच काही.

एक दिवस टपालात भाच्याला एक साधे कार्ड आले. मी ते जाहिरात समजून बाजूला सारले. तो म्हणाला, "मामू, हे फेकायचे नसते. घराची किंमत यंदा किती धरली ते यात लिहिलेले असते." त्या राज्यात असे कार्ड प्रत्येक घरमालकाला दर वर्षी सर्वसाधारणपणे १ फेब्रुवारीपर्यंत पाठवतात. आकारणी मान्य नसेल तर काउंटीच्या कर मंडळाकडे दाद मागायची असते, आणि बहुतेक काउंट्यांत त्याची मुदत १ एप्रिल असते. म्हणजे खबर आधी, मुदत नंतर, आणि मध्ये दोन महिने. ते कार्ड हातात धरून मला माझे गोदाम आठवले.

काउंटी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा तो एक विभाग. न्यू जर्सीत अशा २१ काउंट्या आहेत. एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत येते तिची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ८ लाख ६३ हजार होती आणि तिच्यात २५ गावे-शहरे आहेत. आपली जिल्हा परिषद फक्त ग्रामीण भाग पाहते, शहराला वेगळी पालिका. तिथे प्रत्येक शहराला स्वतःची पालिका असते, आणि त्या सर्वांवर मिळून काउंटीही असते. काउंटीचे रस्ते व पूल, तुरुंग, आरोग्य खाते, बागा, काउंटीचे कॉलेज, निवडणुकीचे कामकाज हे सारे तिच्याकडे. मिडलसेक्समध्ये कारभार पाहणारे निवडून आलेले सात सदस्य असतात, त्यांना कमिशनर म्हणतात. मुदत तीन वर्षांची. कमिशनर म्हटले की आपल्याला सरकारने पाठवलेला आयुक्त आठवतो. तिथला कमिशनर मात्र लोकांच्या मतावर बसलेला असतो.

अमेरिकेत अशा निवडून आलेल्या काउंटी सदस्यांकडून मतदारांना वेळोवेळी खबरपत्र देण्याची रीत आहे. भाच्याने मला तशी दोन-तीन पत्रे वाचून, उर्दूत समजावून सांगितली. त्यांत फार मोठे विचार नव्हते. कोणता रस्ता कधी खोदणार, वाहतूक कुठून वळवणार. अंदाजपत्रकाची सुनावणी कोणत्या तारखेला, कोणत्या इमारतीत. वृद्धांसाठी लस कुठे मिळेल. घरातले जुने रंगाचे व रसायनांचे डबे कोणत्या दिवशी आणून द्यायचे. छोट्या धंद्याला मदत मिळणार असेल तर अर्जाची शेवटची तारीख. खाली कचेरीचा फोन नंबर. बस, एवढेच.

पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. चलनावर आपण काय पाहतो? तारीख, माल, रक्कम आणि सही. या चार गोष्टी नसतील तर तो कागद रद्दी. त्या पत्रांत या चारही गोष्टी होत्या.

अंदाजपत्रकाचेही असेच. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे अंदाजपत्रक मांडल्यापासून निदान २८ दिवस गेल्याशिवाय जनसुनावणी घेता येत नाही, आणि सुनावणीशिवाय ते मंजूर करता येत नाही. तिथल्या मालमत्ता कराच्या बिलातही काउंटीचे किती, पालिकेचे किती, शाळांचे किती, असे वाटे वेगवेगळे दाखवलेले असतात. सर्वांत मोठा वाटा बहुतेक ठिकाणी शाळांचा असतो. पैसा कुठे जातो हे बिलातच कळते, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

मी त्या देशाचे गुणगान करायला बसलेलो नाही. फीत कापतानाचे फोटो तिथल्या पत्रांतही असतात, आणि पत्राचा खर्च शेवटी करदात्याच्याच खिशातून जातो. स्थानिक निवडणुकीला मतदानाला जायचा आळस तिथेही पुष्कळ आहे. आणि तिथला कारभार पहिल्यापासून सर्वांचा होता असेही नाही. या सदस्यांना तिथे पूर्वी 'फ्रीहोल्डर' म्हणत, म्हणजे ज्याच्या मालकीची जमीन आहे तो. ज्या काळात जमीनदार गोऱ्या पुरुषांनाच असे पद मिळे, त्या काळातले ते नाव. २०२० साली कायदा करून ते बदलले आणि १ जानेवारी २०२१ पासून कमिशनर हे नाव आले. सांगायचे तात्पर्य असे की, तिथेही लोकांनी मागत मागतच मिळवले आहे.

आता आपल्याकडे येऊ. कायद्यात आपण फार मागे आहोत असे कोणी समजू नये. १९९३ साली अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांना घटनेत स्थान दिले. २००९ साली महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांची सभा, आणि अध्यक्ष तिथला नगरसेवक. गावाला ग्रामसभा तशी मोहल्ल्याला क्षेत्रसभा. वाचक बंधूंनी प्रामाणिकपणे सांगावे, आपल्यापैकी किती जण अशा सभेला बसले आहेत? मी तरी बसलेलो नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कचेरीने पुष्कळशी माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची असते, आणि ती जाहीर करताना स्थानिक भाषेचा विचार करायचा असतो.

भाषेचा मुद्दा लहान नाही. आमच्या कारागिरांपैकी बरेच जण माझ्यासारखेच उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलतात, बाजारात व्यवहार मराठीत करतात, पण कचेरीची मराठी वाचताना अडखळतात. राज्याची भाषा मराठी आहे आणि नोटीस मराठीत असलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. तिच्याखाली चार ओळी उर्दूत आल्या तर कोणाचे काही जात नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावरील उर्दूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. मराठीबरोबर उर्दू वापरण्यास कायद्याची मनाई नाही, असे त्यात स्पष्ट झाले आहे.

मधल्या काळात अडचण अशी होती की विचारायचे कोणाला? राज्यातील कितीतरी महापालिकांची मुदत २०२० ते २०२२ या काळात संपली, आणि वर्षानुवर्षे निवडून आलेल्या माणसाशिवाय कारभार चालला. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांचे मतदान झाले. आता माणसे निवडून आली आहेत. पण मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार-चार नगरसेवक. एकाकडे जावे तर तो दुसऱ्याचे नाव सांगतो. चार भागीदार असलेल्या पेढीत हिशेब कोणाकडे, हे पहिल्या दिवशी ठरले नाही तर पुढे काय होते ते आपणा व्यापाऱ्यांना सांगायला नको.

दोष फक्त त्यांचा नाही. आपण नगरसेवकाकडे जातो ते स्वतःच्या कामासाठी. गटार तुंबले, परवाना अडकला, दुकानापुढचा ओटा पाडायला गाडी आली. काम झाले की सलाम करून परत. मोहल्ल्याच्या पैशाचा हिशेब कधी विचारत नाही, कारण उद्या पुन्हा काम पडेल ही भीती. २०१३ साली एलबीटीच्या वेळी आपण बाजार बंद ठेवले, मोर्चे काढले. तो कर पुढे गेला हे खरे. पण बंदच्या दिवसांत हातमजुरीवाल्याची चूल विझली, तीही गोष्ट खरी. ठराव होण्याआधी बोलायला एक अर्ज पुरतो. ठराव झाल्यावर बोलायला बाजार बंद करावा लागतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक बाजारातील व्यापारी संघाने आणि कारागिरांच्या संघटनेने आपल्या प्रभागातील चारही नगरसेवकांना एकत्र बोलवावे आणि दर तीन महिन्यांनी एक पानाचे खबरपत्र मागावे. चौघांचे मिळून एकच, मराठीत आणि जिथे गरज असेल तिथे उर्दूत. त्यात पाच गोष्टी असाव्यात. कर किंवा फी वाढवण्याचा कोणता प्रस्ताव आहे आणि हरकतीची शेवटची तारीख कोणती. प्रभागासाठी किती रक्कम मंजूर झाली आणि किती खर्ची पडली. कोणत्या रस्त्याचे काम कधी सुरू होऊन कधी संपणार. कोणत्या योजनेचे अर्ज कधीपर्यंत. आणि कोणता नगरसेवक कोणत्या दिवशी, कुठे भेटेल. छपाईचा खर्च संघाने केला तरी चालेल. तो दुकानाच्या एका दिवसाच्या चहापेक्षा जास्त येणार नाही. फोटो छापायचा असेल तर खुशाल छापावा, पण तारखा छापल्यानंतर जागा उरली तर.

एक तारीख आजच दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुंबई सोडून इतर महापालिकांच्या कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. तेव्हा आपल्या संघाचा अर्ज जानेवारीत पोहोचला पाहिजे. मार्चमध्ये दिलेला अर्ज म्हणजे लग्नसराई संपल्यावर आणलेला शालू.

मी माझ्या संघात हा विषय मांडला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "मियाँ, नगरसेवक नाराज होतील." मी म्हणालो, "आपण मुनीमाकडे हिशेब मागतो तेव्हा प्रामाणिक मुनीम नाराज होत नाही. तो चोपडी पुढे करतो." मत ही आपली अमानत आहे, ती आपण त्यांच्या हाती दिली. पावती मागण्यात बेअदबी कसली?

शेजारच्या त्या कारागिराचा विकलेला माग आता परत येणार नाही. त्याच्याकडे तीन उरले आहेत. निदान त्यांच्यापुरती तरी खबर वेळेवर यावी.