तापतो पॅसिफिक, पडतो आमचा भाव



एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रांत ‘एल निनो’ येतो आणि बैठकीत प्रश्न येतो : मग औंदा पेरायचे की नाही? त्या बातमीत याचे उत्तर नसते.

पॅसिफिक महासागरावर वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि कोमट पाणी इंडोनेशियाकडे ढकलून ठेवतात. वारे मंदावले की ते पाणी पूर्वेला सरकते. पेरूच्या कोळ्यांना ते नाताळाच्या सुमारास जाणवे, म्हणून त्यांनी बाळ येशूचे नाव दिले. पाणी कोमट तिथे हवा वर चढते, पाऊसही तिथेच पडतो. वर गेलेली हवा कुठेतरी खाली उतरतेच; ती आपल्या बाजूला उतरली की ढग धरत नाहीत. सरासरीपेक्षा अर्धा अंश वाढ काही महिने टिकली, की एल निनो. माणसाला एवढ्याने नुसती कणकण येते.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ, हे समीकरण खोटे आहे. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी एक. देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा त्याहून कितीतरी सौम्य. त्या जुलैत निम्माच पाऊस पडला आणि खरीप गेला. १९९७ मध्ये पाणी जास्त तापले ते पेरूच्या बाजूला, २००२ मध्ये महासागराच्या मध्यावर. शिवाय १९९७ ला आपल्या हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू उबदार होती, तिने मान्सूनला हात दिला. २०१९ लाही तसेच : जूनमध्ये तिसरा हिस्सा पाऊस कमी, हंगामाअखेर दहा टक्के जास्त!

म्हणून पेरणी शिवारातली ओल बघूनच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनला हात लावू नये, मग पॅसिफिक तापो की निवो.

आता सरकारकडे बघा. २०२३ मध्ये एल निनोची हाकाटी होती. २० जुलैला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात निर्यातच बंद. कारण दिले देशातल्या भावाचे. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. म्हणजे ज्याचे पीक वाळले, त्याच्याच उरल्यासुरल्या मालाची बाजारपेठ कापली. शहराच्या ताटासाठी सरकार आभाळाच्या आधी हलते. आमच्यासाठी पंचनामे होईपर्यंत हलत नाही.

समुद्राचे तापमान महिनोन् महिने आधी कळते. ते कळताच मे महिन्यात कमी मुदतीचे बियाणे तालुक्यात यावे, चारा डेपोची जागा ठरावी, वसुली थांबावी आणि निर्यातीला हात लावू नये. जिल्ह्याच्या बैठकीत आम्ही हा ठराव मांडत आहोत. कांदेवाल्यांनी २०२३-२४ च्या पट्ट्या बरोबर आणाव्यात.