नॉर्मल आलेले प्रेशर कोणाचे?

रक्तदाबाच्या रुग्णाला पहिल्यांदा गोळी लिहून दिली की महिन्या-दीड महिन्याने तो हसतमुखाने परत येतो आणि विचारतो, "डॉक्टर, प्रेशर नॉर्मल आलंय. आता गोळी बंद करू ना?" हा निदान विचारतो तरी. पुष्कळ मंडळी विचारण्याआधीच बंद करून मोकळी झालेली असतात. ताप उतरला की तापाची गोळी थांबवायची, खोकला गेला की औषधाची बाटली फडताळात ठेवून द्यायची. मग प्रेशर उतरल्यावर गोळी कशाला? हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. तो कुठे फसतो हे समजायचे तर दाब शरीरात कुठे ठरतो ते पाहिले पाहिजे. आणि ते ठिकाण, बहुतेकांना वाटते तसे, हृदय नव्हे.

हृदय हा पंप आहे. आपण स्वस्थ बसलेले असताना तो मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतो. परंतु पंपाने किती ढकलले यावर दाब जितका अवलंबून, तितकाच पुढची वाट किती अरुंद आहे यावरही. आपल्या गावच्या पाणीपुरवठ्याचेच पाहा. टाकीतून मोठी लाइन निघते आणि गल्लोगल्ली व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्हमनने सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर शेवटच्या घरी थेंब पोहोचत नाही. सगळे आवळले तर मुख्य लाइन फुटायची पाळी येते. शरीरात या व्हॉल्व्हचे काम बारीक धमन्या करतात. त्या साधारण केसाच्या जाडीच्या किंवा त्याहूनही बारीक असतात. त्यांच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. कडी आवळली की वाट अरुंद, सैल झाली की रुंद.

हृदयातून निघताना रक्ताचा सरासरी दाब पाऱ्याच्या ९५ ते १०० मिलिमीटर असतो. मनगटाच्या नाडीपर्यंत येताना तो फारसा उतरत नाही. पण या बारीक धमन्या ओलांडून केशवाहिन्यांच्या तोंडाशी येईतो तो ३५ च्या आसपास येतो. म्हणजे सर्वांत मोठा अडथळा इथे आहे. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८४० च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून एक नियम शोधून काढला. नळीची रुंदी निम्मी केली तर त्याच दाबाखाली पाणी निम्मे नव्हे, सोळावा हिस्सा वाहते. रुंदी फक्त दहा टक्क्यांनी घटली तरी प्रवाह एक तृतीयांशाने कमी होतो. तेवढेच रक्त पुढे न्यायचे असेल तर मागचा दाब वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. वरचे प्रेशर, खालचे प्रेशर म्हणून आपण ज्याची चर्चा करतो त्याचे मूळ या इवल्याशा आकुंचनात आहे.

हा व्हॉल्व्हमन कोणाचे ऐकतो? एक नव्हे, चार धन्यांचे ऐकतो. पहिला धनी म्हणजे ज्या भागाला रक्त हवे तो भाग. बोटाला रबर मिनिटभर गुंडाळून काढा. बोट लालबुंद होते. उपाशी राहिलेल्या पेशींनी बाहेर टाकलेली द्रव्ये भिंतीला सैल हो म्हणतात आणि रक्ताचा लोंढा येतो. विहिरीवरून घागरी वाहणाऱ्या बाईच्या पोटऱ्यांत हेच घडत असते. दुसरा धनी धमनीची भिंत स्वतः. आतून ताण वाढला तर ती आपणहून आवळते, हे इंग्लंडच्या बेलिस या शास्त्रज्ञाने १९०२ साली दाखवले. तिसरी मज्जासंस्था. मानेतल्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाबाचे पहारेकरी आहेत. आपण उठून उभे राहिलो की अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांत आणि पोटात उतरते. पहारेकरी मेंदूला खबर देतात आणि काही सेकंदांत वाहिन्या आवळून दाब सावरला जातो. आपल्याला पत्ताही लागत नाही. चौथा धनी मूत्रपिंड. त्याला रक्त कमी पडते असे वाटले की तो रेनिन नावाचे द्रव्य सोडतो, त्यातून पुढे वाहिन्या आवळणारे जबरदस्त रसायन तयार होते आणि मीठ-पाणीही शरीरात अडवले जाते.

शिवाय धमनीच्या आतल्या बाजूचे पातळ अस्तर. त्याला पूर्वी कोणी फारसे मोजत नसे, नळाच्या आतला रंग समजत. १९८० साली अमेरिकेच्या फर्चगॉट यांनी दाखवले की ते अस्तर खरवडून काढले तर एरवी धमनी सैल करणारे औषध ती सैल करीत नाही. अस्तरच सैल होण्याचा निरोप देत होते. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक या संशोधनाला मिळाले. तंबाखू, मिश्री, विडी, मधुमेह आणि वर्षानुवर्षे चढलेला दाब ही सगळी या अस्तराचीच नासाडी करतात. मिश्रीने फक्त दात काळे होतात असे समजणाऱ्या आमच्या आयाबहिणींना हे कोणी सांगत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. उच्च रक्तदाबात बहुतेकांच्या बाबतीत एखादे ठळक कारण सापडत नाही. पण बारीक धमन्या गरजेपेक्षा आवळलेल्या राहतात एवढे नक्की. दाब वर्षानुवर्षे चढलेला राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी आणखी अरुंद होते, आणि त्यामुळे दाब आणखी चढतो. आपण रोज घेतो त्या अॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या काय करतात? भिंतीतल्या स्नायूला आवळण्यासाठी जे कॅल्शियम लागते ते आत जाऊ देत नाहीत. कडी सैल राहते, दाब उतरतो. ज्या कारणाने कडी आवळत होती ते कारण तसेच आहे. तेव्हा यंत्रावर दिसलेले १२८ वर ८० हे प्रेशर तुमचे एकट्याचे नव्हे. तुमचे आणि गोळीचे मिळून आहे.

इथे एक फसगत होते. अॅम्लोडिपिन शरीरात फार हळू कमी होते, तिचा निम्मा अंश जायलाच ३० ते ५० तास लागतात. गोळी सोडून दोन-तीन दिवसांनी शेजाऱ्याच्या यंत्रावर दाब पाहणाऱ्याला तो बऱ्यापैकीच दिसतो. "बघा, गोळीशिवाय नॉर्मल!" असे म्हणून तो पुढचे सहा महिने यंत्राकडे फिरकत नाही. चढलेला दाब दुखत नाही, खुपत नाही. बाकी काही गोळ्यांचे याच्या उलट आहे. क्लोनिडिन एकाएकी सोडली तर दाब पूर्वीपेक्षाही उसळतो आणि हृदयविकार असलेल्याने अॅटेनोलॉल एकदम थांबवली तर छातीत कळ येऊ शकते. वजन उतरले, मीठ सुटले, चालणे सुरू झाले म्हणून गोळी कमी करता येते, कधी बंदही होते. पण ती डॉक्टरने दाब मोजत मोजत, पायरीपायरीने करायची गोष्ट आहे.

"गोळीची सवय लागते, त्यापेक्षा जडीबुटी बरी," असे सांगणारे सल्लागार चावडीवर पुष्कळ. त्यांना सर्पगंधेची गोष्ट ठाऊक नसावी. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात सर्पगंधेने दाब उतरतो हे रुग्णांवरील अनुभवासह मांडले आणि जगाने त्याची दखल घेतली. पुढे तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. ते मज्जातंतूंच्या टोकांतला वाहिन्या आवळणारा साठाच रिकामा करते. औषध गुणकारी खरे, पण जास्त मात्रेत काही रुग्णांना त्याने खोल उदासी येई. झाडपाल्यातून आले म्हणून ते निरुपद्रवी ठरले नाही.

दुसरी घाई याच्या अगदी उलट दिशेची, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. यंत्रावर २०० वर ११० दिसले की घरचे घाबरतात आणि "आत्ताच्या आत्ता खाली आणा" म्हणून डॉक्टरच्या मागे लागतात. एके काळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत सर्रास होती. दहा-पंधरा मिनिटांत आकडा उतरे आणि सगळे खूश. परंतु मेंदूच्या धमन्या ठरावीक पल्ल्यात आपला प्रवाह स्वतः राखतात, आणि जुन्या रुग्णांत हा पल्ला वर सरकलेला असतो. त्यांचा दाब एकदम कोसळला तर मेंदूलाच रक्त कमी पडते. अशा उपचाराने पक्षाघाताचे व हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी जमा झाल्या आणि १९९६ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ही पद्धत थांबवावी असे स्पष्ट लिहिले गेले. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, छातीत दुखणे, धाप लागणे, दिसेनासे होणे यांपैकी काही असेल तर तडक मोठ्या रुग्णालयात जायचे; तिथे क्षणाचा उशीर नको. पण यातले काहीच नसेल तर नुसत्या आकड्याला घाबरून तो तासाभरात खाली ओढण्यात शहाणपणा नाही. आवळलेल्या वाहिन्यांना सैलावायला दिवस द्यावे लागतात. जो डॉक्टर गोळी लिहून "चार दिवसांनी या" म्हणतो तो हयगय करतो असे समजू नका.

या दोहोंच्या मध्ये आपल्याकडची सलाईनची हौस आहे. थकवा आला, चक्कर आली की "एक बाटली लावा" हा हट्ट. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड-लोणचे सोडलेला प्रेशरचा रुग्ण गरज नसताना जवळजवळ दिवसभराचे मीठ शिरेतून घेतो आणि वर पैसेही मोजतो! उलटी-जुलाबाने पाणी आटले असेल तर गोष्ट वेगळी.

चकरेबद्दल आणखी एक. वयोवृद्धांत उभे राहताना सावरणारी यंत्रणा मंदावते आणि गोळ्यांनी ती आणखी मंदावू शकते. म्हणून साठीपुढच्या माणसाचा दाब बसवून आणि मग उभा करून, असा दोनदा पाहावा असा आग्रह तुम्हीच डॉक्टरकडे धरा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा अधिक उतरत असेल तर औषधाचा पुन्हा विचार करावा लागतो. रात्री लघवीला उठताना आजोबांनी खाटेच्या कडेवर मिनिटभर बसून मग उभे राहावे.

शेवटी पायांच्या सुजेविषयी, कारण गोळी सोडण्याचे हे एक मोठे निमित्त आहे. अॅम्लोडिपिन घेणाऱ्या काही जणांच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज येते आणि "गोळीने किडनी गेली" अशी आवई उठते. बहुधा घडते ते इतकेच: बारीक धमन्या रुंदावतात, पलीकडच्या शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत, म्हणून मधल्या केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपते. गोळी आपले काम करते आहे याचीच ती खूण. तरी सूज दाखवून लघवी आणि रक्त एकदा तपासून घ्यावे, म्हणजे शंका उरत नाही. मात्रा कमी करून, किंवा शिराही सैल करणाऱ्या दुसऱ्या गटातली गोळी जोडीला देऊन ही सूज बहुतेक वेळा आटोक्यात येते. तोवर मनाने गोळी सोडू नये.