बॅलन्स गेला खड्ड्यात!

"तू हे सगळं बॅलन्स कसं करतेस गं?" या प्रश्नावर कायद्याने बंदी घालावी, अशा मताला मी आलो आहे.

माझ्या बायकोला हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. ती कम्युनिकेशन कन्सल्टंट आहे. म्हणजे कंपन्यांनी काय बोलावं, कधी बोलावं आणि (मुख्य म्हणजे) कधी गप्प बसावं, हे सांगायचे ती पैसे घेते. आमच्या सात वर्षांच्या लेकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. नाक गळण्यावर भागणारी नव्हे. घसा सुजतो, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो, ती. त्यामुळे बायकोचा उरलेला वेळ शाळा, सोसायटी, केटरर आणि रात्री अकराला फोन करणारे अनोळखी आईबाप यांच्यात जातो. मीही त्याच मुलीचा बाप, मीही नोकरी करतो, केटररशी मीही भांडतो. मला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. असो, तो वेगळा विषय आहे.

माझा आक्षेप त्या 'बॅलन्स' शब्दालाच आहे. एका पारड्यात करिअर, दुसऱ्यात मुलीची अ‍ॅलर्जी आणि मधे हसतमुख आई, असं चित्र लोकांच्या डोळ्यासमोर असतं. पण ही दोन कामं नाहीतच हो! ज्यांना ऐकायचं नाही त्यांना अप्रिय गोष्ट नेमक्या शब्दांत सांगणं, हेच ती दिवसा करते आणि हेच संध्याकाळी. दिवसाच्या कामाचं इन्व्हॉइस जातं, संध्याकाळच्या कामाला 'किती इन्स्पायरिंग' असं म्हणतात. एवढाच फरक.

आणि हे काम म्हणजे काय, याची ज्यांना कल्पना नाही त्यांनी मराठी स्वयंपाकघरात एक चक्कर मारावी. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, ठेच्यात दाणे, आमटी दाण्याची आणि वर प्रसादाला चिक्की! उपासाच्या दिवशी तर हे आमच्यासाठी अक्षरशः सुरुंग पेरलेलं शेत. रस्सा दाट दिसला की विचारायचं, चटणी लाल दिसली की विचारायचं. "कूट घातलंय का?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर "फारसं नाही" असं असतं, आणि या 'फारसं'ने काय होऊ शकतं ते सांगणाऱ्याला ठाऊक नसतं. त्यात तेल. चांगलं रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण घाणीच्या तेलात उरतं. आणि आजकाल सगळ्यांना घाणीचंच हवं असतं.

आमच्या धंद्यात याला ऑन-कॉल म्हणतात. फरक एवढाच की आमच्याकडे ऑन-कॉलची पाळी असते, आठवड्याने दुसरा येतो. आणि एखाद्या बगने माणूस मरू शकत असेल तर "युजरच्या आईने लक्ष ठेवावं" असं डॉक्युमेंटमध्ये लिहून कोणी रिलीज करत नाही. (बरं, काही जण करतात. पण निदान लपूनछपून.)

आता "जागृती हळूहळू होईल" म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. अमेरिकेत अ‍ॅन मुन्योझ-फर्लाँग या आईने १९९१ साली फूड अ‍ॅलर्जी नेटवर्क सुरू केलं. तिच्या मुलीला दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी होती. पाकिटावर नुसतं 'केसीन' न लिहिता सरळ 'दूध' लिहा, असं सांगणारा कायदा तिथे २००४ मध्ये झाला आणि १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. म्हणजे तोवर ती मुलगी मोठी झालेली! ब्रिटनमध्ये २०१६ साली नताशा एडनान-लापरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेला बगेट खाऊन गेली. पिठात तीळ होते. पदार्थ दुकानातच बनवून पॅक केलेला, म्हणून घटक पाकिटावर छापायची सक्ती नव्हती. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती पळवाट बंद झाली. प्रत्येक ठिकाणी आईबापांनी सरकारचं काम फुकटात करून दिलंय, काहींनी फार मोठी किंमत मोजून. याला बॅलन्स म्हणायचं?

आपल्याकडे? एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटावर शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन वगैरे अ‍ॅलर्जन लिहावे लागतात. छान. पण त्या यादीत तीळ नाहीत. संक्रांत साजरी करणाऱ्या देशात! आणि हॉटेलांवरची सक्ती केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा दहा नि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना. कोपऱ्यावरचा पोळीभाजीवाला, गणपतीचा केटरर, शाळेतला गॅदरिंगचा खाऊ... जिथे आपली मुलं खरं म्हणजे खातात, तिथे फक्त "आई विचारेल".

मग हमखास येणारे दोन सल्लागार. एक, "आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं." यांना नमस्कार करून पुढे जावं. दुसरे जास्त धोकादायक, कारण ते वाचून आलेले असतात: "थोडं थोडं खायला घाला, सवय होते. संशोधन आहे." आहे ना! २०१५ चा लीप अभ्यास, ब्रिटनमधला. चार ते अकरा महिन्यांच्या, एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केल्यावर पुढे त्याची अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण खूप घटलं. पण ते अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून. जिला झाली आहे तिला लग्नाच्या पंगतीत एखाद्या काकांनी गुपचूप लाडू भरवणं म्हणजे संशोधन नव्हे.

तिसराही सल्ला असतो, हळू आवाजात: "मग नोकरी का नाही सोडत ती?" का सोडावी? तिच्या कामामुळेच तिला शाळेसाठी एक पानाची सूचना लिहिता येते, जी बाईंनी खरंच वाचली. त्यात लिहिलंय की सेट्रिझिनची गोळी गांधीवर चालते, अडकलेल्या श्वासावर नाही. तिथे पहिलं औषध अ‍ॅड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि मग हॉस्पिटल. आमचं ऑटो-इंजेक्टर नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेलं आहे, आणि त्याची मुदत वर्ष-दीड वर्षात संपते. हेही तिच्या कमाईवरच चालतं. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या नातवाला कोळंबीने अंगभर गांधी उठतात, एकदा ओठही सुजले होते. मावशींनी कुठल्या क्लायंटची मीटिंग पुढे ढकलून शाळेत प्रेझेंटेशन द्यायचं? सगळी सुरक्षितता आईच्या चिकाटीवर आणि सवडीवर टांगली की तिची वाटणी अशीच होणार. म्हणून नियम हवा. प्रत्येक शाळेत अ‍ॅड्रिनलिन आणि ते द्यायला शिकलेली दोन माणसं, प्रत्येक केटररच्या पातेल्यासमोर घटकांची चिठ्ठी. फार अवघड मागणी आहे का?

गेल्या महिला दिनाच्या आधी एका कंपनीने बायकोला 'वर्क-लाइफ बॅलन्स' वर बोलायला बोलावलं. मानधन नाही, रोप मिळेल. तिने कळवलं की येते, पण त्याआधी तुमच्या कँटीनमध्ये प्रत्येक पदार्थापुढे घटक लिहा. ते अ‍ॅडमिनच्या अखत्यारीत येतं, असं उत्तर आलं. मग तिने अ‍ॅडमिनला मेल टाकली, मला सीसी करून. त्यानंतर तीन रिमाइंडर गेले आहेत, चौथा मी उद्या पाठवतोय.