न्यायासन आणि राजभवन

न्यायासनावरून उतरलेल्या व्यक्तीस राजभवनात बसविले म्हणजे राज्यघटनेचे रक्षण आपोआप होते, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात पुष्कळ रूढ आहे. २०२३ साली दिवंगत झालेल्या न्यायमूर्ती फातिमा बीवी ह्यांच्या चरित्रावरून तो समज किती खरा हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

केरळात १९२७ साली जन्मलेल्या ह्या बाईंनी १९५० साली सनद घेतली. १९५८ साली त्या मुन्सफ, १९८३ साली केरळ हायकोर्टाच्या व १९८९ साली सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश झाल्या. त्या कोर्टातील त्या पहिल्याच स्त्री न्यायाधीश होत. कायदा हा स्त्रियांचा प्रांत नव्हे म्हणणारांस ह्याहून निराळे उत्तर कशास हवे?

१९९७ साली त्या तामिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. १९९९ साली राजीव गांधी खून खटल्यातील फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्ज त्यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावाचून फेटाळले. मद्रास हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. पुढे मे २००१ मध्ये, शिक्षेमुळे निवडणुकीस अपात्र ठरलेल्या जयललिता ह्यांना केवळ बहुमताच्या आधारावर त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. जूनअखेर करुणानिधींच्या अटकेवरून गदारोळ उठला, केंद्राने बाईंना परत बोलावण्याची शिफारस केली, व त्यांनी राजीनामा दिला. २१ सप्टेंबर २००१ रोजी, ज्या कोर्टात त्या स्वतः बसल्या होत्या, त्याच कोर्टाने ती नेमणूक अवैध ठरविली. बहुमत मोठे खरे, परंतु राज्यघटना त्याहून मोठी, हे त्या निकालाचे सार होय.

मग कायद्याचे ज्ञान कोठे गेले? आमच्या मते दोष ज्ञानाचा नसून पदाच्या रचनेचा आहे. न्यायाधीश उघड्या कोर्टात उभय पक्ष ऐकतो, निकालाची कारणे लेखी देतो, आणि त्यास काढणे सरकारच्या हाती नसते. राज्यपालाचा विचार बंद दाराआड चालतो, आणि त्याचे पद केंद्राच्या मर्जीवर अवलंबून असते. मुनीम कितीही सचोटीचा असला तरी शहाणा व्यापारी खतावणी तपासल्यावाचून राहत नाही; तोच नियम येथे का नसावा? राज्यपालाने स्वतःच्या अधिकारात केलेल्या प्रत्येक निर्णयाची कारणे लेखी प्रसिद्ध करावी, असा कायदा झाला पाहिजे. तोपर्यंत माणूस केवढाही थोर नेमला, तरी लोकांचा हक्क दैवाच्याच भरवशावर राहणार!