विश्लेषण : पगाराचे खाते बदलणे सोपे, पण हप्त्यांचे काय?

पेटीएम पेमेंट्स बँकेतील खात्यात १५ मार्च २०२४ नंतर पगार जमा होणार नाही, त्याआधी दुसऱ्या बँकेत सोय करा, असे रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी फेब्रुवारीत स्पष्ट केले. म्हणजे या खात्यात पगार घेणाऱ्यांच्या हाती जेमतेम महिनाभर होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना तेवढीही सवड मिळाली नाही. निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. बहुतेकांवर अशी वेळ येत नाही. नोकरी बदलते, कंपनी बँक बदलते किंवा घराजवळची शाखा सोयीची वाटते. कारण कोणतेही असो, खाते बदलताना एक पायरी चुकली की पगार अडकतो किंवा कर्जाचा हप्ता बाउन्स होतो.

पगार थांबवायचा कोणी, बँकेने की कंपनीने?

दर महिन्याला कंपनी आपल्या बँकेकडे एक फाइल पाठवते. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याचा खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि रक्कम असते. त्यानुसार एनईएफटी किंवा एनएसीएच प्रणालीतून पैसे जमा होतात. कर्मचाऱ्याची बँक ते फक्त स्वीकारते. त्यामुळे ‘माझा पगार दुसरीकडे वळवा’ असे बँकेला सांगून उपयोग नाही. अर्ज कंपनीच्या एचआर किंवा पेरोल विभागाकडेच करावा लागतो. ही फाइल अनेक ठिकाणी पगाराच्या काही दिवस आधीच तयार होते. त्यानंतर आलेला अर्ज पुढच्या महिन्यात जातो.

कंपनी एकाच बँकेचा आग्रह धरू शकते का?

पूर्वी पगार धनादेशाने किंवा खात्यात द्यायचा असेल तर कर्मचाऱ्याची लेखी संमती लागत असे. २०१७ मधील दुरुस्तीने ती अट गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही रोख, धनादेश, बँक खाते किंवा इलेक्ट्रॉनिक मार्ग असे पर्याय आहेत. त्यात ‘कर्मचाऱ्याचे बँक खाते’ असा उल्लेख आहे, कोणत्याही ठरावीक बँकेचा नाही. प्रत्यक्षात मात्र कंपनीचा एखाद्या बँकेशी करार असतो आणि नव्या कर्मचाऱ्याला तिथेच खाते उघडायला सांगितले जाते. कंपनी ऐकतच नसेल तर साधा उपाय आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम आपल्या पसंतीच्या खात्यात आपोआप जाईल, अशी स्थायी सूचना जुन्या बँकेला देता येते.

जुने खाते लगेच बंद केले तर?

बंद खात्यावर पाठवलेले पैसे कंपनीकडे परत जातात आणि पुन्हा पाठवेपर्यंत कर्मचारी ताटकळतो. चुकीचा क्रमांक त्याहून महागात पडतो. खात्यात पैसे जमा करताना बँका फक्त खाते क्रमांकावर विसंबू शकतात, नाव जुळवणे बंधनकारक नाही. एक आकडा चुकला तर पगार अनोळखी माणसाच्या खात्यात जाऊ शकतो. कॅन्सल्ड चेक किंवा पासबुकाची प्रत मागितली जाते ती यासाठीच.

खरी अडचण हप्त्यांची

पगार नव्या खात्यात गेला तरी गृहकर्ज, वाहनकर्ज, एसआयपी आणि विम्याचे हप्ते जुन्याच खात्यातून कापले जातात. कारण प्रत्येक हप्त्याची परवानगी, म्हणजे मँडेट, वेगळी दिलेली असते. शिल्लक नसेल तर दंड लागतो, कर्जाच्या नोंदीवर डाग पडतो. पैशांअभावी इलेक्ट्रॉनिक हप्ता परत जाणे हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हाही ठरू शकतो. शिवाय पगार यायचा थांबला की अनेक बँका ‘झीरो बॅलन्स’ची सवलत काढून घेतात आणि किमान शिल्लक ठेवणे भाग पडते.

नुसता ई-मेल का चालत नाही?

कर्मचाऱ्याच्या नावाने पेरोल विभागाला ‘माझे खाते बदला’ असा बनावट ई-मेल पाठवून पगार लाटण्याचा प्रकार जगभर चालतो. म्हणून एचआरने फोन करून खातरजमा केली तर ती कटकट समजू नये. अर्ज न करताच ‘तुमचे खाते बदलले’ असा संदेश आला, तर लगेच पेरोल विभागाला कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

क्रम काय ठेवावा?

१. नवे खाते उघडून केवायसी पूर्ण करावे.
२. जुन्या खात्याचे सहा महिन्यांचे विवरण काढून त्यातून कापल्या जाणाऱ्या प्रत्येक हप्त्याची यादी करावी.
३. पेरोल विभागाला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.
४. पहिला पगार नव्या खात्यात दिसेपर्यंत जुन्या खात्यात किमान एका महिन्याच्या हप्त्यांची रक्कम ठेवावी.
५. मँडेट, यूपीआय, पीएफच्या यूएएनला जोडलेले खाते आणि प्राप्तिकर परताव्याचे खाते बदलावे.
६. सगळे हप्ते नव्या खात्यातून एकदा कापले गेले, की मगच जुने खाते बंद करावे.

पगार वळवायला एक अर्ज पुरतो. जुन्या खात्याला जोडलेले बाकीचे धागे मात्र एकेक करूनच सोडवावे लागतात.